पेशवाईचा पांढरा

सकाळी 6

गच्चीत दोन घमेली मांडली आहेत. एकात साधं पाणी, दुसऱ्यात चहाचं. चहा रात्रीच उकळून दोनदा गाळून ठेवला होता. नीट गाळला नाही तर भुकटीचे ठिपके मलमलीवर बसतात आणि मग काही केल्या निघत नाहीत. आज संध्याकाळी रंगीत तालीम. तीन जामे अजून कोरे आहेत.

नाटक सवाई माधवरावांवरचं आहे. 1792 च्या जूनपासून 1795 च्या ऑक्टोबरपर्यंतचा काळ. शनिवारवाडा, नाना फडणीस, महादजी शिंदे, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट, खर्ड्याच्या लढाईनंतर पुण्यात ओलीस आलेला निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क. माणसं पुष्कळ, कपडे त्याहून पुष्कळ, आणि त्यातले बहुतेक सगळे पांढरे. पांढऱ्यावर पांढरं रंगवायचं कसं, हाच माझ्यापुढचा गेल्या काही महिन्यांचा प्रश्न आहे.

दुकानातून आणलेलं पांढरं रंगमंचावर चालत नाही. दिव्याखाली ते फटफटीत दिसतं आणि त्याच्या वरचा चेहरा काळवंडतो. नटानं कितीही जीव ओतला तरी प्रेक्षकाची नजर छातीवरच अडते. म्हणून पांढऱ्याची धार मोडावी लागते. मलमल आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यायची, मग चहात सोडायची. कोरडं कापड थेट चहात घातलं की जिथे आधी टेकतं तिथे गडद होतं. पाण्यात चिमूटभर तुरटी, म्हणजे रंग धरतो. हात थांबवायचा नाही, कापड सारखं खालीवर करत राहायचं. हवा त्यापेक्षा थोडं गडद झालं की बाहेर काढायचं, कारण वाळल्यावर ते उतरतं.

पेशव्यांचा जामा एकदाच बुडवला. नानांचा दोनदा. कारकून मंडळींच्या बाराबंद्या तिसऱ्या खेपेला, उरलेल्या गढूळ पाण्यात. सगळे पांढरेच, पण दरबार भरला की सगळ्यांत उजळ माणूस एकच असेल आणि प्रेक्षकांचे डोळे आपोआप त्याच्याकडे जातील. हे त्यांना कोणी सांगायला नको.

तीनही जामे गच्चीतल्या पत्र्याच्या सावलीत टाकले. उन्हात टाकले की घडीच्या वरच्या बाजूला पट्टा उठतो.

सकाळी 8

चहा (प्यायचा) आणि टेबलावर जेम्स वेल्सच्या चित्राची मोठी प्रत. शेवटचं एकदा बघून घेते.

हा स्कॉटलंडचा चित्रकार मॅलेटच्या आश्रयानं पुण्यात आला आणि 1792 मध्ये त्यानं सवाई माधवराव आणि नाना यांना एका चित्रात बसवलं. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. ज्यांच्या कपड्यांचा मी विचार करते आहे त्या दोघांना प्रत्यक्ष समोर बसवून काढलेलं चित्र! कुठल्याही वेशभूषाकारासाठी याहून मोठं भाग्य नाही. शिवकाळावर काम करताना असा आधार फार थोडा मिळतो. पेशवाईच्या अखेरीस मात्र चित्रकार दारात येऊन उभा होता.

आणि त्या चित्रात काय दिसतं? पांढरी तलम मलमल. अंगावर मोत्यांच्या माळा, डोक्यावर रत्नांचं काम. श्रीमंती सगळी मोत्यांत आणि कापडाच्या तलमपणात. भडक मखमल नाही, छातीभर कशिदा नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात, लोडाला टेकून तासन् तास बसणाऱ्या माणसांचे हे कपडे आहेत. नानांची ती बारीक, सावध अंगकाठी मलमलीतच खरी वाटते. त्यांना जाड जरीचा अंगरखा चढवला की ते कुठल्याही नाटकातले दिवाणजी होतात.

साध्या माणसांसाठी मला गंगाराम तांबटाचा आधार आहे. मॅलेटच्या सांगण्यावरून शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली, त्यातला हा पुण्याचा चित्रकार. त्यानं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला तसे पहिलवानही काढले. उघड्या अंगाची माणसं कशी उभी राहतात, कमरेला काय आणि किती गुंडाळतात, हे त्याच्या रेघांतून कळतं. माझे हुजरे आणि पालखीचे भोई तिथून आले.

सकाळी 9.30

मास्तरांचं दुकान नारायण पेठेत, जिन्याखाली. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीवर पुठ्ठ्याचे माप. मास्तरांनी लग्नाच्या शेरवान्या आयुष्यभर शिवल्या, जामा पहिल्यांदाच. सुरुवातीला म्हणाले, "ताई, हा तर फ्रॉक झाला." मग वरचा तंग भाग आणि खालचा घेर वेगळा कापून जोडताना त्यांना त्यातली गंमत कळली. आता ते मलाच समजावतात की कळ्या आडव्या धाग्यावर कापल्या तर घेर पडत नाही, फुगतो.

एका जाम्याला आठ मीटरच्या आसपास मलमल जाते. वरचा भाग अंगाला घट्ट, बाह्या मनगटापर्यंत चुण्या पडतील इतक्या लांब, आणि कमरेपासून खाली घेर. चुणी पडायला बाही हातापेक्षा बरीच लांब हवी आणि मनगटाशी अरुंद. रुंद ठेवली की ती नुसती घसरते. हा बारकावा प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण नट हात उचलून नमस्कार करतो तेव्हा चुण्या कोपराकडे सरकून परत खाली येतात. त्या एका हालचालीत अठरावं शतक असतं.

आज मात्र मी आले ती एका वेगळ्याच गोष्टीसाठी. मुशीरुल्मुल्काचा जामा.

जाम्याचा पदर छातीवरून आडवा जाऊन बगलेत बंदांनी बांधला जातो. हिंदूनं डाव्या बगलेत बांधायचा, मुसलमानानं उजव्या, असा रिवाज होता. दुरून बघणाऱ्यालाही माणूस कोण ते कळावं, अशी ती सोय. मास्तरांनी सगळे जामे एकाच साच्यावर कापले होते. काल रात्री फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सकाळी या, उसवून ठेवतो." गेले तेव्हा खरोखरच जामा उसवून, पुढचे दोन्ही भाग उलटे लावून, धावदोऱ्यावर तयार होता. मी बंदांची जागा खडूनं दाखवली. त्यांनी टीप मारली.

हा फरक प्रेक्षकांतल्या किती जणांना दिसेल? थोड्यांना. पण नाटकात एक जागा आहे, जिथे नाना आणि मुशीरुल्मुल्क समोरासमोर बसून तहाच्या अटी बोलतात. दोघेही पांढऱ्यात, दोघेही म्हातारे, दोघेही मुत्सद्दी. एकाचा पदर डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. चित्रकार जसं दोन आकृत्यांना एकमेकींकडे वळवतो, तशी ती दोन माणसं कपड्यांतूनच एकमेकांकडे वळतात. ज्याला रिवाज माहीत नाही, त्यालाही ते जोडपण जाणवेल असा माझा विश्वास आहे.

सकाळी 11.30

कापडगंजात अस्तराचा तागा, बोहरी आळीत गोंड्यांचे दोर आणि वेल्क्रो, तुळशीबागेत मोती.

मोत्यांबद्दल एकच. तुळशीबागेतले मोती एकसारखे गोल आणि एकसारखे चमकदार असतात. खरे मोती तसे नसतात. म्हणून मी तीन वेगवेगळ्या दुकानांतून वेगवेगळ्या आकाराच्या माळा घेते, तोडते आणि एकत्र करून पुन्हा ओवते. भिकबाळी मात्र घडवून घेतली, कारण ती उजव्या कानाच्या वरच्या पाळीला असते आणि बाजारात मिळते ती खालच्या पाळीची. ऐतिहासिक नाटकातली भिकबाळी चुकीच्या जागी दिसली की माझं पुढच्या प्रवेशात लक्षच लागत नाही.

दुपारी 1

नाट्यगृह. ट्रंका उतरवल्या. कपडेपट सांभाळणारे काका आधीच येऊन दोरी बांधून बसले होते. या माणसानं चाळीस वर्षं संगीत नाटकांपासून फार्सपर्यंत सगळ्यांचे कपडे सांभाळले आहेत आणि विंगेतल्या काळोखात, नुसत्या हाताच्या स्पर्शानं, कुठला सदरा कोणाचा ते सांगतो. प्रत्येक हँगरला पात्राचं नाव, अंक आणि प्रवेश लिहिलेली चिठ्ठी. पगड्या वेगळ्या पेटीत, प्रत्येकीच्या आत कागदाचा बोळा.

डबा खाल्ला. काकांनी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी घेतली, मी त्यांच्यातली भाकरी.

दुपारी 2

नट आले. कपडे घालून बघायची ही शेवटची वेळ, आणि मी आज कपड्यांपेक्षा माणसांकडे बघते.

मनगटं आधी. घड्याळाचा गोरा पट्टा तीन जणांच्या हातावर. रंगभूषेवाल्यांना दाखवून ठेवला. मग पाय. वाड्यातले प्रवेश अनवाणी आहेत, गादी-लोडाची बैठक आहे, म्हणजे पहिल्या चार रांगांना पावलं स्वच्छ दिसणार. सँडलचे पट्टे, नखांचा रंग, टाचेवरची पट्टी. पेशव्यांच्या पत्नी यशोदाबाईंचं काम करणाऱ्या मुलीच्या भुवया कोरलेल्या होत्या, त्या भरून घ्यायला सांगितल्या.

सवाई माधवराव करणारा मुलगा चोवीस वर्षांचा आहे आणि त्याचं एका मालिकेत काम चालू आहे, त्यामुळे डोकं भादरता येत नाही. त्या काळात पुढचं डोकं तुळतुळीत आणि मागे शेंडी. पगडी असेपर्यंत प्रश्न नाही. पण शेवटच्या प्रवेशात, तापात, तो पगडीशिवाय आहे. बोडक्या डोक्यानं चारचौघांत येणं ही तेव्हा किती मोठी गोष्ट होती, हे आज सांगून कळत नाही. पगडी नसलेला पेशवा दिसला की काहीतरी मोडलं आहे हे त्या काळच्या माणसाला शब्दांशिवाय समजलं असतं. आजच्या प्रेक्षकालाही समजावं म्हणून आधीच्या दोन तासांत तो एकदाही पगडीशिवाय दिसता कामा नये. त्यामुळे टक्कल पहिल्यापासूनच चिकटवायचं आणि त्यावर पगडी. घाम येणार, खाज सुटणार. मुलानं काही तक्रार केली नाही. पगडीच्या आत मी मलमलीची पट्टी घातली आहे, मध्यंतरात बदलता येईल अशी.

पगडीबद्दलही सांगायला हवं. लोकांच्या मनात जी पुणेरी पगडी आहे ती रानडे आणि टिळक यांच्या छायाचित्रांमुळे पक्की झालेली, म्हणजे इंग्रजी अमलातली. तीच पेशव्यांच्या डोक्यावर ठेवली की शंभर वर्षांची उडी पडते. आमच्या पगडबंदांना मी वेल्सचं चित्र दिलं आणि त्यांनी वेगळा साचा करून पट्ट्या गुंडाळल्या. पहिल्या तालमीपासून मुलाला ती घालायला लावली आहे. पगडी डोक्यावर असली की मान एकदम वळत नाही, आधी खांदे वळतात. अभिनयाचा तो धडा कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

जाम्याचंही तसंच. मांडी घालून बसताना घेर अंगाखाली सापडला तर उठता येत नाही. दोन्ही हातांनी घेर मागे उडवून मग खाली बसायचं, आणि उठताना एका हातानं पुढचा भाग उचलायचा. तालमीसाठी जुन्या चादरींचे जामे शिवून दिले होते. आज नाना करणारे ज्येष्ठ नट बसले तेव्हा घेर त्यांच्याभोवती आपोआप गोल पडला. त्यांनी खाली बघितलंही नाही. मला फार समाधान वाटलं.

दुपारी 3.30

निर्माते आले.

ते भले गृहस्थ आहेत, आणि या नाटकात स्वतःचे पैसे घातलेले आहेत. दोरीवरच्या कपड्यांवरून एक नजर फिरवून म्हणाले, "ताई, सगळं पांढरंच? लोक तिकीट काढून येणार, त्यांना पेशवे दिसायला हवेत ना? जरा मखमल, जरा जर." त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. मराठी ऐतिहासिक नाटकाची एक मोठी परंपरा मखमलीची आणि चमकीची आहे, आणि मला वाटतं त्या परंपरेला कारण होतं. गॅसबत्तीच्या उजेडात, तंबूच्या थिएटरात, शेवटच्या माणसापर्यंत राजा पोचवायचा तर चमकायलाच हवं. बालगंधर्वांनी तर खऱ्या पैठण्या आणि उंची कपड्यांवर पैसा ओतला, आणि बायका त्यांचं लुगडं, त्यांचा पदर बघून घरी तसंच नेसू लागल्या. तो थाट प्रेक्षकांवरच्या प्रेमाचा होता. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण आता दिवे बदलले. आजच्या एलईडीखाली चमकीचं कापड प्लास्टिकसारखं दिसतं, कारण ते बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: सगळेच भरजरी असले तर भरजरी म्हणजे काय तेच कळत नाही.

मी त्यांना पेटी उघडून खिलत, म्हणजे बादशाही मानाची वस्त्रं, दाखवली.

1792 च्या जूनमध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ई-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या मुखत्यारपदाची, वस्त्रं घेऊन पुण्यात आले. दरबार भरला, बादशहाचं फर्मान वाचलं गेलं, आणि पेशव्यांनी शेजारच्या तंबूत जाऊन ती बादशाही वस्त्रं अंगावर चढवली. आमच्या नाटकाचा पहिला अंक याच प्रसंगावर संपतो. सगळा दरबार पांढरा, महादजीही पांढऱ्यात, आणि त्या पांढऱ्यातून तो अठरा वर्षांचा पोर सोन्यात चालत बाहेर येतो. पूर्ण नाटकातलं सोनं एवढंच. आणि ते सोनं त्याचं नाही, दिल्लीहून आलेलं आहे. वेशभूषेतून मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या एका प्रवेशात आहे. पुण्याचा पांढरा आणि दिल्लीचं सोनं. ते सोनं दिसावं म्हणून बाकी सगळं मागे ठेवलं आहे.

खिलतीचं कापड नवं नाही. नवा किनखाब परवडणारा नव्हता, आणि परवडला असता तरी मी घेतला नसता. बोहारणींकडून जुने बनारसी शालू गोळा केले. त्यांची जर थोडी काळवंडलेली असते. नवी जर दिव्याखाली पिवळी झळकते. जुनी आतून, तांबूस उजळते. काठ वेगळे काढून पुढच्या पट्ट्यांना लावले, पदराचे बुट्टे पाठीवर. आत मलमलीचं अस्तर, कारण शालूच्या उलट्या बाजूचे धागे अंगाला टोचतात.

निर्मात्यांनी ती हातात उचलून बघितली. "वजनदार आहे हो." हो, मुद्दामच. म्हणाले, "बरं, आज बघू या दिव्यात." यापेक्षा जास्त मी मागितलंही नव्हतं.

संध्याकाळी 4.30

प्रकाशयोजनाकारांबरोबर अर्धा तास. चहातली मलमल कोऱ्या रंगमंचावर टांगून त्यांनी एकेक दिवा लावून बघितला. थंड दिव्यात ती राखाडी दिसते, म्हणून दरबारात पुढचे दोन दिवे गरम ठेवायचं ठरलं. मुशीरुल्मुल्काच्या प्रवेशाला डावीकडून तिरपा उजेड, म्हणजे बगलेतले बंद आणि त्यांची सावली दिसेल. ते त्यांनीच सुचवलं. मी बंद थोडे लांब ठेवले होतेच.

संध्याकाळी 5

बायकांच्या खोलीत मावशी लुगडी नेसवतायत. शिवलेली नऊवारी मी या नाटकात घेतली नाही. शिवलेल्या नऊवारीत बाई चालते छान, पण बसली की कळतं. ओचा फुगत नाही, निऱ्या एका जागी खिळलेल्या. साडेआठ मीटरच्या आसपासचं लुगडं स्वतःच्या अंगावर गुंडाळलं की अंगाला एक आवळ येतो आणि त्यातून चाल येते.

रंग ठरवताना मी एक नियम पाळला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किननं 1856 मध्ये पहिला रासायनिक रंग काढला, त्यामुळे त्याच्या आधीच्या रंगांतूनच निवडायचं. मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळसर, आणि निळा-पिवळा एकत्र करून येणारे हिरवे. गुलाबीही चालतो, करडईच्या फुलांपासून कुसुंबी काढत. झगझगीत राणी रंग मात्र चालत नाही, मग तो कितीही गोड दिसो. यशोदाबाईंना कुसुंबी महेश्वरी, बारीक काठांचं. चोळी गुळेदगुड्डच्या खणाची, पुढे गाठ. वडीलधाऱ्यांसमोर पदर दोन्ही खांद्यांवरून. मुलीला पदर सारखा सावरायची सवय होती. मावशी म्हणाल्या, "हात नको लावूस गं, तो कुठे जात नाही." खरंच जात नव्हता.

संध्याकाळी 6.30

तिसरी घंटा. तालीम असली तरी घंटा तीनच.

मी नवव्या रांगेत, हातात वही. पहिले प्रवेश चांगले गेले. एका कारकुनाच्या बाराबंदीचे बंद वरचे सोडून सगळे सुटलेले. ते वेल्क्रोवर घ्यायचे. मॅलेट बाहेर आला. त्याला लाल कोट नाही दिला, कारण तो लष्करातला नव्हता, कंपनीचा मुलकी नोकर होता. गडद कोट, गुडघ्यापर्यंत विजार, पांढरे मोजे. पांढऱ्या दरबारात ही एकच गडद उभी आकृती. तो बोलत नसतानाही डोळे त्याच्याकडे जातात. जायलाच हवेत.

खिलतीच्या प्रवेशाला मी उठून विंगेत गेले.

पेशवे तंबूत जाऊन कपडे बदलतात हे इतिहासातच लिहिलेलं, त्यामुळे आम्हाला वेगळी सबब शोधावी लागली नाही. बाहेर नगारा आणि शहनाई. त्या वाजण्याला पन्नास सेकंद. जामा काढायचा नाही, खिलत वरूनच चढवायची. काकांनी ती उलटी करून, बाह्या पुढे करून दोन्ही हातांवर धरली होती. मुलगा आला, हात घातले, काकांनी मागून खांद्यावर ढकलली. मी कमरेचा हूक लावला, त्यावर पटका. दुसऱ्या मुलीनं शिरपेच पगडीच्या खाचेत बसवला, आधीच टिचबटण लावून ठेवलं होतं. मोत्यांची माळ खिलतीला आतून टाचलेलीच होती. एकतीस, बत्तीस, काका हळू आवाजात मोजत होते. चाळीसला तो उभा होता. उरलेल्या सेकंदांत त्यानं फक्त श्वास घेतला.

मग तो पडद्याबाहेर गेला आणि मी फटीतून बघितलं. त्याची चाल बदलली होती. खिलतीच्या वजनानं पाऊल अर्धं पडत होतं, खांदे मागे गेले होते, हनुवटी वर. हे दिग्दर्शकानं त्याला सांगितलेलं नव्हतं आणि मीही नाही. कापडानं सांगितलं. गरम दिव्यात ती जुनी जर तांबूस उजळली, आणि भोवतीच्या सगळ्या पांढऱ्या माणसांच्या अंगावर त्या उजेडाचा किंचित पिवळेपणा पडला.

त्यानंतर महादजी. काखेतलं गाठोडं सोडून त्यातून नवे जोडे काढतात, पेशव्यांच्या पायातले जुने स्वतःच्या काखेत घेतात आणि म्हणतात की आपल्या वडिलांचं काम हेच होतं. सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग, पण जोडे घट्ट असले तर पुरा फसतो. पानिपतापासून पायानं अधू झालेला म्हातारा वाकून जोडा ओढतोय आणि तो निघत नाही, असं व्हायला नको. म्हणून जुने जोडे एक नंबर मोठे घेतले आणि आत मऊ चामडं. जोडे एका हातात निघून आले. पलीकडे पेशव्यांच्या चेहऱ्यावर संकोच होता. तो अभिनय होता की खरा, मला ठरवता आलं नाही, आणि ठरवायची गरजही नाही.

निर्माते मध्यंतरात माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पांढरं राहू द्या." एवढंच.

रात्री 10

चर्चा. दिग्दर्शकाकडे पानभर टिपा, माझ्याकडे दोन पानं. नानांची शाल घसरते: आतून खांद्याला टाका. भोयांची मुंडाशी सारखी दिसतात: प्रत्येकानं स्वतःची स्वतः बांधायची, कोणी दुसऱ्याची बांधायची नाही. मॅलेटच्या मोज्यांना गुडघ्याखाली सुरकुत्या: पट्टा लावायचा. शेवटच्या प्रवेशातल्या अंगरख्याची दोन्ही टोकं फार नीटनेटकी, तापात पडून असलेल्या माणसाची वाटत नाहीत: अंगरखा धुऊन पिळून तसाच वाळवायचा, इस्त्री नाही. यशोदाबाईंच्या पायातली जोडवी निसटतात: दोऱ्यानं आतून बांधायची.

टक्कल काढताना मुलाच्या कपाळावर लाल रेघ उठली होती. रंगभूषेवाल्यांना दुसरा डिंक बघायला सांगितला.

रात्री 11

काकांशी बसून धुण्याचा तक्ता केला. प्रयोग सुरू झाले की दौरा, दौऱ्यात मी नाही, काका असतील. मलमलीचे जामे घरगुती साबणानं, थंड पाण्यात, हातानं. खळ अगदी पातळ. जाड खळ झाली की घेर ताठ उभा राहतो. चहाचा रंग प्रत्येक धुण्याला थोडा उतरतो, म्हणून पाच प्रयोगांनी पुन्हा एकदा बुडवायचे, आणि पेशव्यांचा, नानांचा, कारकुनांचा असा क्रम चुकवायचा नाही. खिलत कधीच धुवायची नाही. प्रयोग संपला की उलटी करून वाऱ्यावर, आणि पेटीत घालताना घडीच्या आत जुन्या धोतराचा तुकडा, जर जरीला लागू नये म्हणून. खिलतीच्या पेटीत डांबरगोळ्या नकोत, वास नटाच्या नाकाशी येतो. त्याऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला, पुरचुंडीत बांधून. मुशीरुल्मुल्काच्या हँगरला लाल दोरा बांधला, म्हणजे घाईत कोणी त्याला डाव्या बगलेचा जामा देणार नाही.

काकांनी सगळं त्यांच्या बारीक अक्षरात वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "चहा कुठला घ्यायचा, ताई? भुकटी की पत्ती?" भुकटीच. पत्तीचा रंग फिका येतो.